नॉइझी आणि नॉइसम: एकाने कान किटतात, दुसऱ्याने नाक

‘नॉइझी’ तुम्हाला पाठ आहे. वरातीतला डीजे, शाळा सुटल्यावरचा जिना. पुढे जाऊ.

घोळ ‘नॉइसम’चा (noisome) आहे. हॉर्नच्या गोंगाटाबद्दल कुणी ‘मुंबईचं नॉइसम ट्रॅफिक’ लिहिलं की माझं डोकं सणकतं. साध्या ‘नॉइझी’ने भागलं असतं, पण जरा भारदस्त काहीतरी हवं असतं ना! नॉइसम म्हणजे किळसवाणा, नाक मुठीत धरायला लावणारा. आवाजाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

फसवतं ते स्पेलिंग. ‘नॉइझ’ला ‘सम’ चिकटवलंय असं वाटतं, पण तसं असतं तर एस दोनदा आला असता. शब्द आहे ‘नॉय’ अधिक ‘सम’. हा नॉय म्हणजे ‘अनॉय’चंच जुनं, आखूड रूप, अर्थ त्रास, उपद्रव. म्हणून नॉइसमचं गोत्र ‘ट्रबलसम’चं. उच्चारही वेगळा: नॉइझीत ‘झ’, नॉइसममध्ये स्वच्छ ‘स’. (गंमत म्हणजे काही शब्दकोश ‘नॉइझ’चंच मूळ लॅटिन ‘नॉशिआ’त, म्हणजे मळमळीत शोधतात.)

मूळ अर्थ नुसता अपायकारक. 1611 च्या किंग जेम्स बायबलात 91 व्या स्तोत्रात महामारीला हे विशेषण लावलंय, ते ती जीवघेणी म्हणून. मग त्यात वास कुठून शिरला? दूषित हवेतून रोगराई पसरते, अशी युरोपात शतकानुशतकं समजूत होती. घाण वास आला म्हणजे अपाय आलाच. 1858 च्या उन्हाळ्यात लंडनची थेम्स सांडपाण्याने इतकी सडली, की पार्लमेंटचे पडदे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवून लावावे लागले. लोक वासाने नुसते वैतागले नव्हते, त्या वासानेच पटकी होईल म्हणून धास्तावले होते. ती थेम्स अस्सल नॉइसम.

त्यामुळे घामट मोज्यांना हा शब्द लावू नका, त्यांना ‘स्मेली’ पुरे. तुंबलेलं गटार, सडका कचरा, कोंदट कोठडी इथे तो शोभतो. वासालाही लावा, वास मारणाऱ्या जागेलाही लावा.

आणि लिहिण्यापुरताच ठेवा. बोलताना वापरलात तर समोरचा हमखास आवाजच समजणार. तिथे सरळ ‘फाउल’ म्हणा.