संघव्यवस्थापन (ऑनलाइन क्रिकेट सिम्युलेशन)

संगणकाने घडवलेल्या काल्पनिक खेळाडूंचा क्रिकेट संघ इंटरनेटवरून सांभाळण्याचा खेळ. यात खेळणाऱ्याच्या हाती बॅट येत नाही. संघनिवड, फलंदाजीचा क्रम, षटकांची वाटणी, सराव, खरेदी-विक्री आणि पगारांचा हिशेब, एवढाच त्याचा कारभार. सामना ठरलेल्या वेळी सर्व्हरवर आपोआप पार पडतो. त्या वेळी व्यवस्थापक शेतात असो की झोपेत, निकाल बदलत नाही. फँटसी क्रिकेटशी याची नेहमी गल्लत होते. तिथे खऱ्या खेळाडूंच्या खऱ्या धावांवर गुण मिळतात, इथे खेळाडूच खोटे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. जिथे नाणी फक्त पडद्यावरच असतात, त्या खेळाला त्याची झळ लागायचे कारण नव्हते.

याचे मूळ शोधायला फार लांब जायला नको. बीड-परभणीकडच्या शाळेत मागच्या बाकावर जे बुक क्रिकेट चालते, तेही सिम्युलेशनच. पुस्तक मधेच उघडायचे, डाव्या पानाचा शेवटचा अंक म्हणजे धावा आणि शून्य आले की गडी बाद. डावे पान नेहमी सम आकड्याचे, म्हणजे पाचात एकदा बळी. आठला एकच धाव धरायची असे ठरले, तर एका गड्यामागे सरासरी १३ धावा पडतात आणि दहा गड्यांत संघ साधारण १३० पर्यंत जातो. संगणकी सामन्याचे इंजिन हेच करते, फक्त प्रत्येक चेंडूला पाने बदलते. फलंदाजाचे कौशल्य, गोलंदाजाची शैली, खेळपट्टी, हवा, थकवा, फॉर्म हे सगळे जमेस धरून चौकाराची आणि बळीची शक्यता ठरते, आणि मग नशिबाचा आकडा निघतो. म्हणून चांगला संघही हरतो. नवशिक्याला तिथेच खेळात लबाडी आहे असे वाटू लागते.

संगणकावर क्रिकेट संघ चालवण्याची हौस ‘इंटरनॅशनल क्रिकेट कॅप्टन’ (१९९८) या खेळाने बऱ्याच जणांना लावली. पण तो एकट्याने खेळायचा. हजारो माणसांनी एकाच साखळीत एकमेकांविरुद्ध संघ उतरवायचे, हा साचा स्वीडनमध्ये १९९७ साली सुरू झालेल्या ‘हॅटट्रिक’ या फुटबॉल खेळाचा. ‘बॅटट्रिक’सारख्या क्रिकेट खेळांनी तो उचलला. साखळीत वरच्या गटात बढती, खालच्या गटात घसरण आणि खेळाडूंचा खुला लिलाव या गोष्टी तिथूनच आल्या.

सामन्यापूर्वीची आज्ञा, म्हणजे फलंदाजीचा क्रम आणि षटकांची वाटणी, भरणे हे सर्वांत नाजूक काम. पन्नास षटकांच्या सामन्यात एका गोलंदाजाला दहाच षटके, म्हणजे किमान पाच गोलंदाज हवेत. नवखा व्यवस्थापक दोन हुकमी वेगवान गोलंदाज सुरुवातीलाच संपवतो आणि अखेरच्या षटकांत कामचलाऊ फिरकीपटूची धुलाई होते. चार षटके सुरुवातीला, तीन मध्ये, तीन शेवटी अशी वाटणी बहुतेक वेळा बरी पडते. फलंदाजीचा क्रम लावताना आणखी एक चूक होते, ती म्हणजे कौशल्याचा सर्वांत मोठा आकडा असलेला फलंदाज सर्वांत वर ठेवणे. खऱ्या क्रिकेटमध्ये हे कसे फसते किंवा तरते याचे उदाहरण मराठवाड्याला जवळचे आहे. ऑगस्ट २००२ मध्ये इंग्लंडविरुद्ध हेडिंग्लेला, ढगाळ हवेत आणि वेगवान माऱ्याला साथ देणाऱ्या खेळपट्टीवर, भारताने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली आणि बीडला जन्मलेल्या संजय बांगरला सलामीला पाठवले. त्याने ६८ धावा केल्या, राहुल द्रविडबरोबर १७० धावांची भागी रचली. भारताने पुढे ८ बाद ६२८ वर डाव घोषित करून कसोटी डावाने जिंकली. मोठे नाव वर ठेवण्यापेक्षा टिकून राहणारा सलामीवीर त्या दिवशी कामी आला.

दीर्घ पल्ल्यात मात्र सामना दुय्यम ठरतो, खरे राज्य सरावाचे. पोरगा जितका लहान तितकी वाढ वेगाने. तिशीनंतर कौशल्ये झिजतात, पगार मात्र चढेच राहतात. म्हणून सतराव्या वर्षी घेतलेला खेळाडू विशीत विकायचा की ठेवायचा, यावर अख्ख्या क्लबचे गणित बसते. बऱ्याच जणांना विकवत नाही. भावनेपायी दिवाळे निघालेले क्लब या खेळात थोडे नाहीत.

खेळपट्टी निवडण्याची मुभा असेल तिथे मराठवाड्याच्या माणसाला काही शिकवावे लागत नाही. काळी माती ओल धरते, वाळली की भेगाळते. अशा मातीवर चेंडू संथ आणि खाली राहतो, फिरकी चालते. लाल मातीवर उसळी मिळते. घरच्या मैदानाला आपल्या गावाचे नाव द्यायचे, खेळपट्टी संथ ठेवायची आणि तीन फिरकीपटू उतरवायचे, हा इकडचा साधा डाव. पाहुणा संघ वेगवान माऱ्याचा निघाला की तो लागू पडतो. आपण बाहेर गेलो की तेच तीन फिरकीपटू गळ्यात पडतात.

वेळ हा या खेळातला वेगळाच घटक. हॅटट्रिकमध्ये खेळाडूचे एक वर्ष ११२ दिवसांचे असते. त्या मापाने सतराचा पोरगा तिशीला यायला जवळजवळ चार खरी वर्षे लागतात, म्हणजे व्यवस्थापक दहावीत असताना घेतलेला खेळाडू त्याच्या पदवीच्या आसपास म्हातारा होतो. मधे फेब्रुवारी-मार्च येतात, बारावीची परीक्षा येते आणि मोबाईल घरच्यांकडे जमा होतो. काही आठवडे कुणी फिरकले नाही की संघ संगणकाच्या ताब्यात जातो. त्याला ‘बॉट’ म्हणतात. गटात बॉट आला की बाकीचे त्याच्याविरुद्धचे गुण आधीच खिशात धरून पुढचा हिशेब मांडतात.