अष्टमीचा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा का नसतो?

कोजागरी जवळ आली की ‘आज चंद्र वर्षभरात पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतो’ हा संदेश सोलापुरातल्या मोबाईलवर दरवर्षी न चुकता फिरू लागतो. वास्तविक चंद्राला पृथ्वीजवळच्या बिंदूपासून निघून पुन्हा तेथे पोचण्यास सुमारे २७.५५ दिवस लागतात, तर दोन पौर्णिमांमध्ये २९.५३ दिवसांचे अंतर असते. या दोन चक्रांचा मेळ सुमारे ४१३ दिवसांनी बसत असल्यामुळे सर्वांत जवळची पौर्णिमा वर्षागणिक पुढे सरकते. ऑक्टोबर २०२० मधील कोजागरीचा चंद्र तर त्या वर्षीच्या पौर्णिमांमध्ये सर्वांत दूरचा होता.

मात्र पौर्णिमेचा चंद्र अनपेक्षितपणे तेजस्वी असतो, हे खरे आहे आणि त्याचे कारण अंतरात नाही. दुर्गाष्टमीच्या रात्री चंद्रबिंब निम्मे उजळलेले असते; त्यानंतर आठवडाभरात येणाऱ्या कोजागरीला ते पूर्ण उजळते. प्रकाश दुप्पट व्हावा, अशी आपली अपेक्षा. प्रत्यक्षात तो सुमारे दहापट होतो. गुळगुळीत, पांढऱ्या, चमक नसलेल्या गोळ्याचे गणित मांडले, तर बाजूने अर्धा उजळलेला गोळा पूर्ण उजळलेल्याच्या सुमारे ३२ टक्के प्रकाश देतो, कारण दिसणाऱ्या भागावर बरेचसे किरण तिरके पडतात. मग ३२ टक्क्यांवरून दहा टक्क्यांपर्यंतची घसरण कशाने होते?

चंद्र गुळगुळीत नाही, हे याचे उत्तर. त्याच्या पृष्ठभागावर उल्कापातांनी कुटलेल्या बारीक, सच्छिद्र धुळीचा थर आहे. अष्टमीला सूर्य आपल्या दृष्टीने चंद्राच्या बाजूला असतो, त्यामुळे डोंगर, विवरे यांच्याच नव्हे, तर प्रत्येक कणाच्या सावल्या आपल्याला दिसतात आणि तेवढा प्रकाश वजा होतो. पौर्णिमेला सूर्य जवळजवळ आपल्या पाठीशी असतो. प्रत्येक कणाची सावली त्याच कणाच्या मागे दडते. होटगी रस्त्याच्या बाजूला नांगरून टाकलेल्या काळ्या रानात सकाळी उभे राहिले, तर हेच पाहता येते: सूर्याकडे तोंड केले की ढेकळांच्या सावल्यांनी रान काळेभोर दिसते, आणि सूर्याकडे पाठ केली की तेच रान फिकट वाटते. आपल्या सावलीच्या डोक्याभोवतीचा भाग तर अधिकच उजळ असतो. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर टिपलेल्या छायाचित्रांतही त्यांच्या सावलीच्या डोक्याभोवती असाच उजळपणा आहे.

जर्मन खगोलशास्त्रज्ञ ह्युगो फॉन झीलिगर यांनी १८८७ मध्ये शनीच्या कड्यांचे तेज याच सावली लपण्याने समजावले होते. चंद्राच्या बाबतीत त्याला आणखी एका गोष्टीची जोड मिळते. कणांमध्ये अनेकदा आदळून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकाच वाटेने उलटसुलट दिशांनी प्रवास करतात, आणि आल्या दिशेने नेमक्या परतताना त्यांचे शिखर शिखराशी जुळून त्या एकमेकींना बळ देतात. चंद्राभोवती फिरलेल्या क्लेमेंटाइन यानाच्या मोजमापांत, सूर्य-चंद्र-निरीक्षक हा कोन चार अंशांवरून शून्यावर येताना तेज ४० टक्क्यांहून अधिक वाढलेले आढळले. पृथ्वीवरून मात्र कोन अगदी शून्य होत नाही. तसे होण्याआधीच चंद्र ग्रहणात शिरतो.

कोजागरीच्या दुधात ‘औषधी किरण’ उतरतात, असे सांगणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की चांदणे म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाशच, आणि सूर्य पूर्ण चंद्राच्या सुमारे चार लाख पट तेजस्वी आहे. मसाला दूध जरूर प्यावे; ते बदाम-वेलदोड्यामुळे चांगले लागते.

परतीचा पाऊस सरल्यावर आकाश निवळते, तेव्हा गच्चीवर हा फरक मोजता येतो. मोबाईलच्या कॅमेऱ्यात संवेदनशीलता आणि उघडझापेचा वेळ स्वतः ठरवून पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र दुर्गाष्टमीला रात्री आठच्या सुमारास घ्यावे, आणि चंद्र साधारण तेवढ्याच उंचीवर आलेला असताना कोजागरीलाही तीच मांडणी ठेवून घ्यावे. जवळपास रस्त्याचा दिवा नसावा, अन्यथा तुलना व्यर्थ जाईल. ज्यांना जागरणाची सवय आहे, त्यांनी वद्य अष्टमीचा मध्यरात्रीनंतरचा चंद्रही नोंदवावा; त्याच्या उजळलेल्या अर्ध्या भागात काळ्या खडकांची मैदाने अधिक असल्याने तो शुद्ध अष्टमीच्या चंद्रापेक्षा किंचित मंद असतो.