किराणा खर्चाच्या मोजमापाची पार्श्वभूमी आणि बेळगाव सीमाभाग

घरात किराण्यावर किती रुपये जातात यापेक्षा एकूण खर्चात अन्नाचा वाटा किती, याकडे अर्थशास्त्राने अधिक लक्ष दिले आहे. उत्पन्न वाढते तसा हा वाटा घटतो, असा निष्कर्ष जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चावरून काढला. बेळगाव ज्या मुंबई इलाख्यात होते, तेथे १९२१-२२ मध्ये मुंबईतील कामगारांच्या घरखर्चाची पाहणी झाली, तर निवडक घरांकडून खर्चाची माहिती घेणारी सरकारची देशव्यापी राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० मध्ये सुरू झाली. तिच्याच आकड्यांच्या आधारे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा हिशेब मांडला आणि दरडोई रोज २,२५० कॅलरी देणारा खर्च ही त्याची कसोटी धरली.

ग्रामीण भारतात अन्नाचा वाटा १९९९-२००० मध्ये सुमारे ५९ टक्के, २०११-१२ मध्ये सुमारे ५३ टक्के आणि २०२२-२३ मध्ये सुमारे ४६ टक्के होता. दरम्यानच्या २०१७-१८ च्या पाहणीचे निष्कर्ष सरकारने प्रसिद्धच केले नाहीत, आणि २०२२-२३ मध्ये एकाच भेटीऐवजी तीन भेटींत माहिती घेतली गेली; त्यामुळे हे आकडे सरळ एका रेषेत जोडणे धाडसाचे ठरते.

सीमाभागात अडचण आणखी वाढते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या विभागणीत बेळगाव जिल्हा कर्नाटकाच्या अंतर्गत उत्तर विभागात, म्हणजे रायचूर आणि कलबुर्गी यांच्यासोबत येतो. घाटमाथ्याच्या पावसात भात पिकवणारा खानापूर तालुका आणि रायचूरचा कोरडवाहू पट्टा यांची सरासरी एकत्र निघते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी बेळगाव जिल्ह्यातच असलेला चंदगड तालुका मात्र कोल्हापूरसह पुणे आणि सोलापूर यांच्या गटात मोडतो. २०२२-२३ मध्ये ग्रामीण कर्नाटकाचा दरडोई मासिक खर्च ४,३९७ रुपये, तर ग्रामीण महाराष्ट्राचा ४,०१० रुपये होता; पण या तफावतीवरून खानापूर आणि चंदगड यांची तुलना करू पाहणे व्यर्थ आहे.

खानापूरकडच्या शेतकरी घरातील महिन्याची यादी पाहिली तर तिच्यात तेल, साखर, चहापूड, तूरडाळ असते. तांदूळ नसतोच, कारण तो घरचा असतो. पाहणीत त्याची किंमत शेतावरच्या दराने धरली जाते. बेळगावात भाड्याच्या घरात राहणारे कुटुंब तसाच तांदूळ दुकानाच्या भावाने घेते, म्हणून तेवढाच भात खाऊनही त्याचा खर्च जास्त दिसतो. दुकानांच्या विक्रीवरून अंदाज बांधणे तर याहून फसवे आहे, कारण चंदगडचा माणूस बेळगावच्या रविवार पेठेत बाजार करतो तेव्हा विक्री कर्नाटकात नोंदली जाते आणि खाणारी माणसे महाराष्ट्रात असतात.

त्यात शिधापत्रिकेची भर पडते. कर्नाटकात २०१३ पासून शिधापत्रिकेवर धान्य देणारी अन्नभाग्य योजना आहे. जुलै २०२३ पासून काही काळ वाढीव पाच किलो तांदळाऐवजी माणशी १७० रुपये खात्यावर जमा होत होते. महाराष्ट्राने २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल असा ‘आनंदाचा शिधा’ दिला. अशा वेळी किराण्याचा खर्च घटला तर तो सुबत्तेमुळे की सरकारी धोरणामुळे, हे केवळ टक्केवारीवरून ठरवता येत नाही. फुकट धान्याची अंदाजित किंमत धरून निराळा हिशेब २०२२-२३ च्या पाहणीत दिला आहे, आणि सीमाभागाविषयी बोलताना तोच आधी पाहावा.

औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचे बेळगाव हे एक केंद्र आहे. त्या निर्देशांकात अन्नाचा भार, म्हणजे एकूण हिशेबात अन्नाला दिलेला वाटा, २००१ च्या मालिकेतील ४६.२ टक्क्यांवरून २०१६ च्या मालिकेत सुमारे ३९ टक्क्यांवर आला. मात्र तो किमतींचा मागोवा घेतो आणि तोही कामगार कुटुंबांपुरता. गावातल्या घरांचा खर्च त्यात येत नाही.

जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय नमुना पाहणीत जिल्हा हा नमुना निवडीचा मूळ घटक झाला आहे. त्यामुळे बेळगावचा हिशेब रायचूरपासून वेगळा काढण्याची सोय होईल. पावसाचा खानापूर आणि याच जिल्ह्यातला कमी पावसाचा अथणी तालुका यांच्यातील तफावत मात्र जिल्ह्याच्या एका सरासरीतही झाकलेलीच राहील.