पिक्चरमधला सावकार आला कुठून?

जुन्या पिक्चरमधला सावकार आपण डोळे मिटून ओळखू शकतो. मांडीवर लाल वही, कानावर टाक, मागे तिजोरी, आणि नजर गहाण जमिनीवर कमी, शेतकऱ्याच्या बायकोवर जास्त. मग शेवटी कोणीतरी त्याला बडवतं नाहीतर त्याची वही पेटवतं आणि थेटरात शिट्ट्या पडतात. हा माणूस आपल्या गोष्टींमध्ये इतका मुरलाय की कर्ज म्हटलं की आपल्याला तोच दिसतो, आणि मला वाटतं घोटाळा तिथेच आहे, कारण खऱ्या इतिहासात माणसं बुडाली ती त्या माणसाच्या दुष्टपणापेक्षा त्याच्या हातातल्या कागदामुळे. गोष्टींनी चेहरा लक्षात ठेवला, कागद विसरल्या.

तसं कागद नष्ट करणं हा आपल्याकडचा फार जुना सीन आहे. तुकोबांचं घर महाजनकीचं, देहूत दुकान, लोकांकडे येणं असलेलं. 1630 च्या आसपासच्या त्या भयंकर दुष्काळात घर मोडलं आणि नंतर तुकोबांनी भावाबरोबर, म्हणजे कान्होबाबरोबर कर्जखतं अर्धी-अर्धी वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. गाथा बुडवल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, ही त्या आधीची. इथे सावकारच कागद बुडवतोय, म्हणजे आपला सगळ्यात मोठा कर्जमाफीवाला हा घेणेकरी होता, देणेकरी नाही. आणि कर्ज फक्त गरिबाला असतं असंही नव्हतं, पहिल्या बाजीरावानं त्याचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्धच आहे, सावकारांच्या पाया पडता पडता कपाळाचं कातडं गेलं म्हणून रडगाणं गायलंय त्यात. तेव्हा तगादा म्हणजे घेणेकरी सरळ दारात येऊन बसायचा. सगळा गाव बघायचा.

इंग्रज आल्यावर तगादा दारातून उठला आणि कोर्टात गेला. खरी स्टोरी इथून सुरू होते.

12 मे 1875, पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले, बरेचसे सावकार मारवाडी आणि गुजराती होते. लुटालूट झाली, आग लागली, पण लोकांना मुख्यतः हवे होते ते कागद. रोखे (म्हणजे कर्ज घेतल्याचे लेखी कागद), कोर्टाचे हुकूमनामे, वह्या, सापडतील तसे बाहेर काढून जाळले. नंतर पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत तेच झालं, आणि सावकारानं निमूट कागद दिले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. त्याच्या आधी शिरूर तालुक्यातल्या करडे गावात कर्जाच्या डिक्रीवरून, म्हणजे कोर्टाच्या वसुलीच्या हुकूमनाम्यावरून, तिथल्या देशमुखाचं घर जायची वेळ आली तेव्हा गावानं सावकारांवर बहिष्कार टाकला होता, पाणी भरायला माणूस नाही, दाढी करायला न्हावी नाही. हा सगळा प्रकार शाळेच्या पुस्तकात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून दोन ओळींत उरकतात.

आता हे कागद एवढे डोळ्यात का खुपत होते? त्यातली मेख अशी. हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता, एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागता येत नाही. शंभर दिलेत तर व्याज फार तर शंभर. चांगला नियम. मग 1859 च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या रोख्यावर दावा लावायला तीन वर्षांची मुदत आली, हेतू हाच की जुनी मढी उकरून शेतकऱ्याला छळू नये. झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार म्हणायचा, नवा रोखा लिहून दे नाहीतर कोर्टात जातो. नव्या रोख्यात जुनं मुद्दल अधिक व्याज हे सगळं मिळून नवं मुद्दल. समजा शंभर रुपये, दोन टक्के महिना. तीन वर्षांनी 72 रुपये व्याज, नवा रोखा 172 चा. आणखी तीन वर्षांनी 296. नवव्या वर्षी 509. मधल्या काळात शेतकऱ्याच्या हातात नवा रुपयाही पडलेला नाही, त्यानं फक्त दर तीन वर्षांनी अंगठा उठवलाय. आणि दामदुपटीचा नियम मोडलेलाच नाही कागदोपत्री, कारण कागदच दरवेळी नवा!

त्यात बाकीचं दुर्दैव. अमेरिकेत 1861 ते 65 यादवी चालू होती तेव्हा मुंबईचा कापूस सोन्याच्या भावानं गेला, सावकार मागेल त्याला पैसे देत होते, मग युद्ध संपलं, भाव पडले, आणि नेमकी 1867 पासून सरकारनं शेतसारा वाढवायला घेतला. सारा रोखीत भरायचा, तोही ठरल्या तारखेला, मग सावकाराकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही.

दंग्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता, त्याच्या अहवालातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तेव्हाच्या साहेबांचं आवडतं मत होतं की हे लोक लग्नात, सणात पैसे उधळतात म्हणून कर्जात बुडतात. आयोगानं म्हटलं, ह्या कारणाला उगाच फार महत्त्व दिलं गेलंय, लग्नाचा खर्च हे कर्जाचं मूळ क्वचितच असतं. दीडशे वर्षं होत आली, तरी टीव्हीवरच्या चर्चेत, पेपरातल्या लेखात, काकांच्या व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डमध्ये ‘ऋण काढून सण’ हे ठरलेलंच.

मग 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा आला, आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर ह्या चार जिल्ह्यांपुरता. त्यातली भारी तरतूद ही की न्यायाधीशानं समोरच्या रोख्यावर विश्वास ठेवून गप्प बसायचं नाही, व्यवहाराचा हिशेब पार पहिल्यापासून उघडायचा, खरं मुद्दल किती आणि व्याज किती ते वेगळं काढायचं. पैशाच्या डिक्रीवरून शेतकऱ्याला तुरुंगात टाकणंही थांबलं. सावकारांनीही मग युक्ती काढली, गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घ्यायचं आणि तोंडी सांगायचं की पैसे फेडलेस की जमीन परत. ही युक्ती आजही बेकायदा सावकारीत धडधडीत चालू आहे, 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात अशी बळकावलेली जमीन परत द्यायची तरतूद करावी लागली ती त्यामुळेच.

आता गोष्टींकडे. जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 चा, दंगे ताजे होते तेव्हाचा, आणि त्यात असूड ओढलाय तो एकट्या सावकारावर नाही, सारा वाढवणारं सरकार, कोर्टकचेरीतले कारकून, भटशाही, सगळ्यांवर. म्हणजे सगळी यंत्रणा दिसते. पुढे मात्र गोष्टींमधून यंत्रणा हळूहळू गायब झाली आणि सावकार तेवढा उरला. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ 1925 चा, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा मूकपट, तरुण शेतकरी झालेत व्ही. शांताराम, जमीन सावकाराच्या घशात जाते आणि तो शहरात येऊन गिरणी कामगार होतो. त्या काळाच्या मानानं फार धाडसी पिक्चर, 1936 ला बोलपट म्हणून परत काढला. पण नावातच बघा, पाश सावकारी आहे, सरकारी नाही. माझा अंदाज असा की इंग्रजांच्या सेन्सॉरखाली सरकारी सारा खलनायक करण्यापेक्षा सावकार करणं केव्हाही सोपं.

हिंदीत प्रेमचंदांनी कागद सोडला नाही, म्हणून ते मोठे. ‘सवा सेर गेहूँ’ मधला शंकर दारी आलेल्या साधूसाठी सव्वा शेर गहू उसना आणतो, वर्षांनी त्याचा हिशेब साडेपाच मण निघतो, आणि वीस वर्षं राबूनही शंकर मरतो तेव्हा देणं शिल्लकच, मग मुलाला धरतात. ‘दो बीघा ज़मीन’ (1953) मध्ये शंभूच्या हिशेबानं 65 रुपये देणं असतं आणि जमीनदाराच्या कागदावर 235. ‘मदर इंडिया’ (1957) मध्ये पाचशे रुपयांवर पिकाचा तीन चतुर्थांश भाग व्याजापोटी जातो, बिरजूला त्या लाल वहीत काय लिहिलंय ते वाचायचं असतं आणि वाचता येत नाही. तो भाग खरं तर पिक्चरचा आत्मा आहे, पण लोकांना आठवतो तो सावकार झालेल्या कन्हैयालालचा चेहरा आणि बंदूक.

‘सावकारी पाश’ मधला शेतकरी जिथे पोचतो त्या मुंबईत कर्ज संपत नव्हतंच. 1931 च्या रॉयल कमिशन ऑन लेबरच्या अहवालात कामगारांच्या कर्जावर चांगलं लिहिलंय, बहुतेक औद्योगिक शहरांत दोन तृतीयांश कामगार कर्जात, रुपयाला महिन्याला एक आणा हा नेहमीचा दर, म्हणजे वर्षाला 75 टक्के. पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटवर व्याजानं पैसे देणारा पठाण काठी घेऊन उभा. त्याच्या काठीशिवाय दुसरं कोर्ट त्याला लागत नाही अशा अर्थाचं वाक्य त्या अहवालातच आहे. गंमत म्हणजे टागोरांच्या ‘काबुलीवाला’मुळे पठाण म्हटलं की आपल्याला छोट्या मिनीचा प्रेमळ दोस्त आठवतो, पण तो तुरुंगात जातो कशावरून? उधारीवर दिलेल्या चादरीचे पैसे गिऱ्हाईक नाकबूल करतं त्यावरून.

गिरणगावानं आणि नोकरदारांनी यातून वाट काढली ती भिशी, हातउसने आणि पतपेढी अशी. 1904 च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्यानंतर गावोगाव सोसायट्या आल्या, ऑफिसाऑफिसात पतपेढ्या आल्या. पगारातूनच हप्ता कापला जातो, जामीन शेजारच्या टेबलवरचा, म्हणजे हप्ता चुकवला तर रोज त्याचं तोंड बघायचं. या कर्जाला भीती कमी, लाज जास्त. आणि मराठी मध्यमवर्गाच्या गोष्टींत कर्ज विनोदी झालं ते या टप्प्यावर असं मला वाटतं. घरमालक भाड्यासाठी दारात आणि भाडेकरू लपतोय, वाण्याची उधारी, मित्राला टोपी. ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) मध्ये औषधाच्या नावाखाली घेतलेले ‘सत्तर रुपये वारले’ हे आजही लोक पैसे बुडाले की म्हणतात. 2000 साली ‘हेरा फेरी’ आला, त्यातला बाबूराव आपटे तर मराठीच, घरात तिघं, तिघंही गळ्यापर्यंत देण्यात, आणि उपाय काय तर राँग नंबरवरून आलेली खंडणीची संधी. हसून हसून पुरेवाट होते, पण कर्ज फेडायचा सरळ मार्ग असू शकतो हे त्या पिक्चरच्या डोक्यातही येत नाही.

शेतकऱ्याचं कर्ज मात्र विनोदी झालं नाही. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ ही कादंबरी किंवा ‘गाभ्रीचा पाऊस’ (2009) हा पिक्चर, यात वहीवाला व्हिलन मध्यभागी नाहीच, पाऊस, बियाणं, बाजारभाव, घरातली घुसमट असं सगळं मिळून माणसाला घेरतं. हे सत्याच्या जास्त जवळ जाणारं, म्हणून शिट्ट्या पडत नाहीत.

आणि आत्ताचं कर्ज? क्रेडिट कार्डाला महिना साडेतीन टक्के धरा, ‘मिनिमम ड्यू’ म्हणजे बिलातली किमान रक्कम तेवढी भरत राहायची सवय, थकलं की व्याजावर व्याज. काहीच न भरता शंभर रुपये तीन वर्षं पडून राहिले तर लेट फी वगैरे न धरता साधारण 345 होतात. सुप्याच्या सावकाराच्या 172 शी ताडून बघा. ‘टॉप अप लोन’, ‘बॅलन्स ट्रान्सफर’, एका अ‍ॅपचं फेडायला दुसरं अ‍ॅप, हा नवा रोखाच आहे, अंगठ्याच्या जागी ओटीपी. फक्त शिव्या घालायला समोर माणूस नाही, म्हणून आपण स्वतःलाच घालतो. गेल्या काही वर्षांत लोन अ‍ॅपवाल्यांनी फोनमधले कॉन्टॅक्ट उचलून नातेवाइकांना, ऑफिसात फोन करून बदनामी केली ती बघता दारातला तगादा परत आलाय, यावेळी दार मोबाईलमध्ये आहे.

त्यामुळे 1879 च्या कायद्यातली ती हिशेब पहिल्यापासून उघडायची गोष्ट मला आजही सगळ्यात कामाची वाटते, फक्त ते आता आपणच करायचं. प्रत्येक कर्जाचं स्टेटमेंट मागवून मुद्दल, व्याज, दंड वेगळे लिहायचे, सगळ्यात महाग दराचं आधी फेडायचं, जुनं फेडायला नवं घेताना दर खरंच कमी होतोय का आणि मुदत किती लांबतेय ते बघायचं. ‘सेटलमेंट’ केली, म्हणजे कमी रकमेत कर्ज मिटवलं, तर क्रेडिट रिपोर्टवर तसा शिक्का राहतो हे सही करण्याआधी माहीत असावं. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्ये मनाई केलीय. नियम मोडला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.