कुवेतला निघण्याआधी हे वाचा

आमच्याकडे तिकीट आणि कागदपत्रांसाठी येणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः पहिल्यांदाच जाणाऱ्याने, कुवेत कसा देश आहे हे समजून घ्यावे. पगाराचा आकडा सगळे विचारतात, पण देश कोणी विचारत नाही.

इराक आणि सौदी अरेबियाच्या मध्ये, आखाताच्या टोकाला 17,818 चौरस किलोमीटरचा हा देश आहे. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग एकत्र केले तरी त्यांच्यापेक्षा लहानच. देशात नदी एकही नाही. पाऊस वर्षभरात जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिमीटर, म्हणून नळाला येते ते मुख्यतः समुद्राचे गोडे केलेले पाणी. जुलै 2016 मध्ये मित्रिबा इथे 53.9 अंश तापमान नोंदले गेले. उन्हाचे काम असेल तर हे आधीच माहीत असावे: 1 जूनपासून 31 ऑगस्टपर्यंत सकाळी 11 ते दुपारी 4 उघड्यावर काम करून घ्यायला तिथे कायद्याने बंदी आहे.

तेलाआधी हा देश मोत्यांवर आणि गलबतांवर जगत होता. ती गलबते मुंबईपर्यंत यायची, आणि 1961 पर्यंत कुवेतच्या बाजारात रुपयाच चालायचा. 1938 मध्ये बुरगानला तेल लागले, 1946 मध्ये पहिली निर्यात झाली आणि सगळे पालटले. आजही सरकारच्या उत्पन्नाचा सुमारे 90 टक्के भाग तेलाचाच. दिनार अडीचशे रुपयांहून महाग आहे आणि पगारावर आयकर नाही. तेलाचा भाव पडला की तिथली नवी कामे थंडावतात, हेही लक्षात असू द्या.

राज्य अल-सबाह घराण्याचे. अमीर शेख मिशाल डिसेंबर 2023 पासून गादीवर आहेत. लोकसंख्या पन्नास लाखांच्या आत-बाहेर, त्यात मूळ कुवेती साधारण एक तृतीयांश. बाहेरून आलेल्यांत भारतीय सर्वांत जास्त, सुमारे दहा लाख. फरवानिया, सालमिया, फहाहील या भागांत आपली माणसे भेटतील. सुट्टी शुक्रवार-शनिवारी. दारूवर पूर्ण बंदी. रमजानात दिवसा चारचौघांत खाल्ले-प्यायले तर दंड किंवा कैदही होते. बॅगेत खसखस अजिबात नको, अनारशांवरचीसुद्धा. ती अफूच्या झाडाची.

आता सगळ्यात महत्त्वाचे. तिथे तुमचा मुक्काम ज्याच्या नावावर, तो तुमचा कफील. व्हिसा कलम 18 चा असेल तर खासगी कंपनीचे काम, 20 चा असेल तर घरकाम. ‘आत्ता 20 वर जा, नंतर कंपनीत लावून देतो’ असे कोणी म्हणाले तर पैसे देऊ नका. दुसरीकडे काम करताना सापडलात तर घरी परत पाठवतात. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे तिथल्या नियमातही बसत नाही. राहण्याची जागाही विचारून घ्या: जून 2024 मध्ये मंगाफला कामगारांच्या इमारतीला आग लागली, त्यात चाळीसहून जास्त भारतीय गेले.

पासपोर्टवर ईसीआर (म्हणजे कामाला जाण्याआधी सरकारची मंजुरी हवी असा) शिक्का असेल तर ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर मंजुरी आणि प्रवासी भारतीय विमा लागतोच. नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये आणि जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाहीत, पावती मागा.

करार इंग्रजी-अरबीत असतो. सही करण्याआधी तो घेऊन या, ओळ न् ओळ मराठीत समजावून सांगू. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.