पिंग पोहोचतो, फोटो अडतात

जुना आणि नवा संगणक एकाच राउटरला जोडून फाइली न्यायला बसावे आणि काम अडावे, की सल्ले ठरलेले असतात: राउटर बंद करून पुन्हा चालू करा, व्हायरस असेल, नाहीतर महागडी केबल आणा. वडिलांच्या २००३ सालच्या विंडोज एक्सपी संगणकावरचे फोटो नव्या लॅपटॉपवर घेताना मला हे तिन्ही सल्ले मिळाले आणि तिन्ही निरुपयोगी ठरले.

सामायिक फोल्डरचा मार्ग आधीच बंद होता. एक्सपीला फोल्डर सामायिक करण्याच्या एसएमबी या पद्धतीची फक्त पहिली आवृत्ती समजते आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामने तिच्यातल्याच त्रुटीचा फायदा घेतल्यावर नव्या विंडोजमधून ती हळूहळू काढली गेली. ती पुन्हा चालू करणे धोक्याचे असल्याने मी दोन्ही संगणकांना येणारी, फाइली पाठवण्याची एफटीपी ही पद्धत वापरली. पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ अशा छोट्या चाचणी-प्रश्नाला, उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत येत होते, पण तीन एमबीचा एक फोटो जायला कित्येक मिनिटे लागत होती.

याचे मूळ केबल लावताक्षणी होणाऱ्या एका मूक संवादात आहे. १९९५ मध्ये इथरनेट या तारेने संगणक जोडण्याच्या पद्धतीची सेकंदाला १०० मेगाबिट वेगाची आवृत्ती आली, तेव्हा दोन्ही टोकांनी वेग आणि पद्धत आपसात ठरवावी अशी सोय झाली. प्रत्येक टोक सुमारे १६ मिलिसेकंदांनी स्पंदांचा एक झुबका पाठवते. त्यात १७ स्पंद ताल धरण्यासाठी कायम असतात आणि त्यांच्या मधल्या १६ जागांपैकी जिथे स्पंद असेल तिथे एक, नसेल तिथे शून्य असे वाचले जाते. या १६ बिटांतच ‘मला १०० चा वेग जमतो, मला फुल डुप्लेक्स जमते’ हे सांगितलेले असते. फुल डुप्लेक्स म्हणजे एकाच वेळी बोलणे आणि ऐकणे. हाफ डुप्लेक्समध्ये तार मोकळी आहे का हे पाहूनच बोलायचे असते.

वडिलांच्या संगणकात कोणीतरी, वेग वाढेल या समजुतीने, ‘१०० मेगाबिट फुल डुप्लेक्स’ हाताने पक्के करून ठेवले होते. असे केले की कार्ड हे झुबके पाठवत नाही. राउटरला तारेवरच्या संकेतावरून वेग ओळखता येतो, पण डुप्लेक्स कळायला काही साधन उरत नाही, म्हणून नियमाप्रमाणे तो हाफ धरतो. मग राउटर शिस्तीने तार मोकळी पाहून लॅपटॉपकडून आलेली पोच पाठवू लागतो आणि त्याच क्षणी जुना संगणक, न पाहता, फोटोचा पुढचा तुकडा सोडतो. राउटरच्या दृष्टीने ही टक्कर असते. तो ही पोच अर्धवट तोडतो आणि येणारा तुकडाही टाकून देतो. जुन्या संगणकाच्या कार्डाच्या लेखी मात्र तुकडा नीट पाठवून झालेला असतो, त्यामुळे टीसीपी, म्हणजे पोच न आल्यास तुकडा पुन्हा पाठवणारी पद्धत, तिची मुदत संपेपर्यंत तो पोचेची वाट पाहत बसतो. पिंगमध्ये आधी प्रश्न जातो आणि नंतर उत्तर येते, दोघे एकदम बोलतच नाहीत, म्हणून तिथे सारे ठीक दिसते. पोर्टवरचा हिरवा दिवाही फक्त जोडणी झाल्याचे सांगतो.

राउटर पुन्हा चालू करून हे सुटत नाही, कारण चुकीची निवड संगणकात जपलेली असते. महागड्या केबलवरचा सोन्याचा मुलामा टोकांना गंज चढू देत नाही, एवढेच त्याचे काम आहे. त्याने वेग वाढतो असे सांगून जादा पैसे घेणे ही ग्राहकाची फसवणूक आहे.

एक्सपीच्या कमांड खिडकीत ‘नेटस्टॅट -ई’ ही नेटवर्कची आकडेवारी दाखवणारी आज्ञा दिल्यावर चुकांचा आकडा प्रत्येक फोटोगणिक चढताना दिसला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या प्रगत पानावर स्पीड आणि डुप्लेक्सच्या जागी ‘ऑटो’ निवडले, जोडणी क्षणभर तुटून पुन्हा जुळली, आणि उरलेले फोटो जाईपर्यंत तो आकडा एकानेही वाढला नाही.