पंधरा-तीस-पाचचा हिशेब

अमेरिकेत गाडीच्या पॉलिसीवर १५/३०/५ असे आकडे असतात. हिशेब हजार डॉलरमध्ये: एका जखमीला कमाल १५ हजार, अपघातातल्या सगळ्या जखमींना मिळून ३० हजार आणि गाडी-कुंपणाच्या नुकसानीला ५ हजार. भारतात थर्ड पार्टी विम्यात मृत्यू किंवा इजेच्या भरपाईला कमाल मर्यादाच नसते, त्यामुळे तिकडे नव्याने गेलेला मराठी माणूस ‘कायद्यापुरतं घेतलं की झालं’ म्हणून निर्धास्त राहतो. अंगाशी येतं ते इथेच. समोरची ४० हजारांची गाडी भंगारात गेली तर कंपनी ५ हजार देऊन मोकळी, उरलेल्याचा दावा थेट चालकावर.

हे आकडे आले कुठून? १९२५ मध्ये कनेक्टिकटने कायदा केला, पण त्यात अपघात झाल्यावर ऐपत सिद्ध करायची होती. म्हणजे पहिल्या अपघाताला बिनविम्याची मुभाच! शेजारच्या मॅसॅच्युसेट्सने मात्र १ जानेवारी १९२७ पासून गाडी नोंदवतानाच विमा सक्तीचा केला, तोही फक्त माणसांच्या इजेपुरता, ५ आणि १० हजारांचा. सक्ती आली की दर ठरवण्यात राजकारण येतं, म्हणून विमा कंपन्यांचा तिला कडवा विरोध होता. न्यूयॉर्कमध्ये सक्ती यायला १९५७ उजाडलं. ती टाळायच्या खटपटीतूनच कंपन्यांनी बिनविम्याच्या गाडीने ठोकलं तर आपल्याच पॉलिसीतून भरपाई देणारं कव्हर बाजारात आणलं. आज अनेक राज्यांत ते ऐच्छिक आहे. माझ्या मते सगळ्यात आधी घ्यावं ते हेच.

प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, कारण विम्याचं नियमन राज्यांकडेच आहे. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा हा आंतरराज्य व्यापार असल्याचं ठरवलं, तेव्हा केंद्राला दार उघडलं होतं. पुढच्याच वर्षी मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, हे नियमन बहुतांशी राज्यांना परत दिलं. न्यू हॅम्पशायरमध्ये तर आजही सरसकट सक्ती नाही.

१९७१ मध्ये मॅसॅच्युसेट्सनेच ‘नो-फॉल्ट’ आणलं: चूक कोणाचीही असो, आपल्या उपचारांचा ठरावीक खर्च आपली कंपनी देणार. डझनभर राज्यांत ही पद्धत आहे. मिशिगनमध्ये तर २०२० पर्यंत या कव्हरला आयुष्यभर मर्यादाच नव्हती, आणि तिथले प्रीमियमही तसेच डोळे पांढरे करणारे.

किमान मर्यादा मात्र वर्षानुवर्षं गोठून राहिल्या. त्या वाढवल्या की गरीब चालकाचा प्रीमियम वाढतो, म्हणून आमदार हात लावत नाहीत. दवाखान्याची बिलं थोडीच थांबतात? कॅलिफोर्नियात १९६७ चे १५/३०/५ थेट २०२४ अखेरपर्यंत चालले. १ जानेवारी २०२५ पासून ३०/६०/१५ झाले. मराठी वस्ती दाट असलेल्या न्यू जर्सीने २०२३ मध्ये २५/५०/२५ केले आणि २०२६ साठी ३५/७०/२५ ठरवले.

स्वतःच्या गाडीची धडकेतली मोडतोड भरून देणारं कोलिजन आणि चोरी, गारा, रस्त्यात आडवं आलेलं हरीण यांसाठीचं कॉम्प्रिहेन्सिव्ह कोणतंच राज्य सक्तीने घ्यायला लावत नाही. गाडी कर्जाची असेल तर बँक लावते. कर्ज फिटल्यावर ती दोन्ही काढून प्रीमियम वाचवता येतो; जुन्या गाडीला ते परवडतंही. वाचलेल्या पैशांत लायबिलिटीची, म्हणजे दुसऱ्याला द्यायच्या भरपाईची, मर्यादा १००/३०० वर नेता आली तर उत्तम.